आजीचा फोन आला की मुलगा माझ्या तोंडाकडे बघतो

एका आईचं पत्र आलंय, थोडक्यात देते. मुलगी १३ वर्षांची, मुलगा ६ वर्षांचा. मुलगी सतत कोरियन मालिका बघते, त्यांचीच गाणी ऐकते, बोलताना मधेमधे त्यांचेच शब्द टाकते आणि घरातल्या कुणी काही सुचवलं की "बोअरिंग" म्हणून मोकळी होते. मुलगा कार्टून बघून बघून इंग्लिशच बोलायला लागलाय, तेही कार्टूनमधल्या पात्रांच्या टोनमध्ये. बाईंची आई लांब राहते, दर रविवारी व्हिडिओ कॉल करते. आजीने काही विचारलं की नातू आईच्या तोंडाकडे बघतो, मग आई त्याला सांगते, तो इंग्लिशमध्ये उत्तर देतो, आई ते परत आजीला सांगते. गेल्या महिन्यापासून आजी म्हणायला लागलीये, "राहू दे गं, त्याला कशाला त्रास, खेळू दे." त्या लिहितात, "फोन ठेवला आणि मी रडले. परदेशी मीडियाने आमच्या घरावर आक्रमण केलंय असं वाटतं. नवरा म्हणतो वायफायच काढून टाकू. मी जास्तच जुनाट विचार करतेय की खरंच आमची संस्कृती आमच्या डोळ्यांदेखत चाललीये, तुम्हीच सांगा." पत्रात अजून दोन गोष्टी जाता जाता आल्यात. मुलगा तीन-चार वर्षांचा असताना पाहुण्यांसमोर फाडफाड इंग्लिश बोलायचा त्याचं सगळ्यांना फार कौतुक होतं. आणि मुलगी हल्ली फिल्टर लावल्याशिवाय फोटो काढू देत नाही, नाक आवडत नाही म्हणते, रंग आवडत नाही म्हणते, "पण ते वयच तसं असतं."

ताई, आधी आजीबद्दल. ते "राहू दे गं" वाचून मलाही गलबलून आलं. नातवाशी बोलायचं सोडून देणारी आजी रागावलेली नसते, ती गुपचूप बाजूला होत असते, आपल्यामुळे कुणाला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून. त्यावर तुम्हाला रडू आलं यात जुनाट काही नाही. काहीतरी खरंच तुटतंय आणि ते तुम्हाला दिसतंय. फक्त ते नेमकं कुठे तुटतंय याबद्दल माझं मत तुमच्यापेक्षा जरा वेगळं आहे, म्हणून उत्तर लांबणार आहे.

"आक्रमण" हा शब्द आधी घेऊया. असं वाटणाऱ्या तुम्ही पहिल्या नाही. १९७० च्या दशकात हर्बर्ट शिलरसारखे अभ्यासक हेच मांडत होते की मोजक्या श्रीमंत देशांतल्या कंपन्या सिनेमे, मालिका, बातम्या बनवणार, बाकीचं जग नुसतं बघत बसणार आणि बघता बघता त्यांच्यासारखंच होत जाणार. युनेस्कोने नेमलेल्या मॅकब्राइड आयोगाचा रिपोर्ट १९८० मध्ये आला, त्यातही ही एकतर्फी वाहतूक ही मोठी तक्रार होती. तक्रार खोटी नव्हतीच. पैसा आणि वितरण आजही मोजक्या हातात आहे, आणि तुमच्या मुलापुढे पुढचं कार्टून कुठलं येणार हे घरातलं कुणी ठरवत नाही. पण या विचारात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, की बघणारा माणूस म्हणजे रिकामं भांडं, वरून ओतलं की भरलं. तसं होत नाही हो.

डॅलस नावाची अमेरिकन मालिका १९८० च्या दशकात कितीतरी देशांत चालली, तेलाच्या धंद्यातलं गडगंज कुटुंब, भांडणं, लफडी, सगळं. तमार लीब्स आणि एलिहू कॅट्झ या दोन संशोधकांनी इस्रायलमध्ये वेगवेगळ्या समाजांतल्या लोकांचे छोटे गट करून त्यांना तिचा एक भाग दाखवला आणि नंतर म्हटलं, आता गोष्ट सांगा. मालिकेतली बायको नवऱ्याला सोडून, बाळाला घेऊन, जुन्या प्रियकराच्या आणि त्याच्या वडिलांच्या घरी जाते. एका अरब गटातल्या लोकांनी सांगितलं की ती तिच्या स्वतःच्या वडिलांकडे गेली. डोळ्यांसमोर एक घडत होतं आणि मनाने ते दुसरंच वाचलं, कारण घर सोडलेली बाई जाणार कुठे तर माहेरी, हे त्यांच्या आत इतकं पक्कं बसलेलं. रशियातून नवीन आलेल्यांचं भलतंच, त्यांना सारखा संशय की हे लोक आपल्या गळी काय उतरवू बघतायत. जपानमध्ये तर ती मालिका चाललीच नाही. एकच मालिका, पण प्रत्येकाने ती आपापल्या घरच्या चष्म्यातून बघितली.

म्हणून विचारते, तुमची मुलगी त्या कोरियन मालिकांमध्ये काय बघते हे तुम्हाला माहितीये का? पत्रात ती कुठल्या मालिका बघते ते आहे, तिला त्यात काय सापडतं ते कुठेच नाही. कोरियन भाषेत वडीलधाऱ्यांशी बोलायची क्रियापदं वेगळी आणि बरोबरीच्यांशी बोलायची वेगळी असतात, आपण तू आणि तुम्ही करतो त्याच्याही पुढे जाऊन. आईवडिलांचा शब्द मोडताना होणारी घालमेल, भावंडांतलं मानपान, यावर त्यांच्या कितीतरी मालिका उभ्या असतात. कदाचित तिला तिथे परकं काही दिसतच नसेल, ओळखीचंच दिसत असेल, फक्त जास्त देखण्या रूपात. हा अंदाज आहे माझा, चुकीचाही असेल. पण तो बरोबर की चूक हे तिच्या शेजारी बसून दोन-तीन भाग बघितल्याशिवाय कळणार नाही, आणि तसं बघताना नाक मुरडायचं नाही, मोबाईल बघत बसायचं नाही, नीट बघायचं.

आणि त्याच कोरियाची एक गोष्ट तिलाही सांगा, तिला आवडेल. १९१० ते १९४५ जपानची सत्ता सोसलेल्या या देशात नंतर कित्येक वर्षं जपानी सिनेमे, गाणी, कॉमिक्स यांवर सरकारी बंदी होती, भीती हीच की हे आत आलं की आपलं सगळं वाहून जाईल. १९९८ पासून ती बंदी टप्प्याटप्प्याने उठवली. सिनेमा थिएटर्सना वर्षातले १४६ दिवस देशी सिनेमे दाखवायची सक्ती होती, ती २००६ मध्ये ७३ दिवसांवर आली, तेव्हा सिनेमावाले रस्त्यावर उतरले होते. आज जगभरातल्या आया कोरियन मालिकांच्या नावाने तुमच्यासारखंच पत्र लिहितायत. त्यांच्या गाण्यांमध्ये अमेरिकन हिपहॉप आहे, नाचात आहे, कपड्यांत आहे, आणि तरी ते कोरियन आहे. हे आपोआप झालं असं नाही म्हणत मी, सरकारने आणि कंपन्यांनी त्यात पैसा आणि मेहनत ओतली. पण बाहेरचं आलं म्हणजे आपलं गेलं, एवढा सरळ हिशोब कुठेच दिसत नाही.

मग काळजी करायचीच नाही का? करायची, पण जागा बदलून. माझ्या मते बघायची गोष्ट एकच आहे. मूल बाहेरचं आवडीने घेतंय, घेऊ दे. पण त्या आवडीपायी ते स्वतःला किंवा आपल्या माणसांना कमी लेखायला लागलंय का? परक्या भाषेतलं गाणं गुणगुणणारी मुलगी काही गमावत नाहीये. आरशात बघून "मी अशी का" म्हणणारी मुलगी गमावतेय. तुमच्या पत्रात मालिका, गाणी, शब्द यांना अख्खा परिच्छेद मिळाला आणि नाक-रंगाला एक ओळ, तीही "वयच तसं असतं" म्हणून मिटवलेली. मी असते तर ती ओळ सगळ्यात वर लिहिली असती.

का, ते सांगते. फिजीच्या एका भागात १९९५ मध्ये टीव्ही आला. तिथे तोपर्यंत भरलेलं, धष्टपुष्ट शरीर चांगलं मानायचे, माणूस सुकला की घरचे काळजीत पडायचे. अ‍ॅन बेकर या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी टीव्ही आल्या आल्या तिथल्या शाळकरी मुलींना प्रश्न विचारले आणि १९९८ मध्ये त्याच वयाच्या दुसऱ्या मुलींना तेच विचारले. वजन कमी करायला मुद्दाम उलटी काढते असं सांगणारी पहिल्या वेळी एकही मुलगी नव्हती, तीन वर्षांनी ११.३ टक्के होत्या. ७४ टक्के मुली म्हणाल्या की कधी ना कधी आपण फार जाड आहोत असं वाटतं. दोन्ही वेळा साठ-पासष्टच मुली होत्या, त्यामुळे एवढ्यावरून सगळ्या जगाचा निकाल लावायचा नाही, टीव्हीसोबत तिथे बाकीही बरंच बदलत होतं. पण मुलींनी स्वतःच सांगितलं होतं की पडद्यावरच्या बायकांसारखं व्हायचंय, तसं झालं तर चांगली नोकरी मिळेल. म्हणजे त्यांनी भाषा नाही बदलली, कपड्यांचाही प्रश्न नव्हता, त्यांच्या आत स्वतःला मोजायची पट्टीच बदलली होती. आणि तेव्हा टीव्हीवर दुसऱ्यांचे चेहरे असायचे, आता फिल्टरमध्ये तिचाच चेहरा असतो, तिचाच पण "सुधारलेला", दिवसातून पन्नास वेळा.

तेव्हा तिच्या मालिकांशी भांडण थांबवा आणि या गोष्टीकडे वळा. आधी घरातलं बघा. कोण उजळ, कोण सावळं, कोण सुटलंय, ही चर्चा घरात होत असेल, कौतुकानेसुद्धा, तर ती आजपासून बंद, मोठ्यांचीही. मग तिच्यासोबत बसून तिला आवडणाऱ्या कलाकारांचे चेहरे पडद्यावर असे दिसतात त्यामागे लाईट, मेकअप, एडिटिंग, डाएट, कधी सर्जरी, असं किती काय काय असतं ते दोघींनी शोधून वाचा, तुम्ही शिकवायचं नाही, तिलाच शोधू द्या, मुलं यात आपल्यापेक्षा पटाईत असतात. तिच्यासारख्या दिसणाऱ्या, तिच्या भाषेत बोलणाऱ्या, तिला आवडेल असं काहीतरी करणाऱ्या मुली-बायकांचे व्हिडिओ मुद्दाम शोधून तिच्या फोनवर पूर्ण बघा, ज्यावर आपण थांबतो तेच अ‍ॅप पुढे पुढे करतं, तेव्हा थांबायची जागा बदलली की समोर येणारंही हळूहळू बदलतं. आणि जेवण टाळणं, जेवल्याबरोबर बाथरूममध्ये जाऊन बसणं, मैत्रिणींना भेटणं बंद करणं, यातलं काही दिसलं तर मात्र वाट बघू नका, डॉक्टर किंवा समुपदेशक गाठा. तिथे वयाचं कारण देऊन गप्प बसायचं नाही.

आता मुलाकडे येते, आणि इथे थोडं बोचेल असं लिहितेय, राग मानू नका.

तुम्ही लिहिलंय कार्टूनने त्याला इंग्लिश शिकवलं. शब्द आणि टोन कार्टूनचेच असतील, मान्य. पण नुसत्या स्क्रीनसमोर बसून भाषा तोंडी येत नाही. पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत नऊ-दहा महिन्यांच्या बाळांवर प्रयोग केला होता, २००३ मध्ये छापून आला. काही बाळांशी चिनी बोलणारं माणूस प्रत्यक्ष समोर बसून खेळलं, बोललं, काहींना तीच माणसं, तेच बोलणं व्हिडिओवर दाखवलं. समोर माणूस असलेली बाळं चिनी भाषेतले बारीक उच्चार ओळखायला शिकली, व्हिडिओवाली नाही शिकली. सहा वर्षांचं मूल बाळासारखं नसतं, ते व्हिडिओतूनही बरंच उचलतं, पण उचललेलं टिकतं कशावर? कुणीतरी उत्तर देतं त्यावर. तो इंग्लिशमध्ये पाणी मागतो तेव्हा तुम्ही कुठल्या भाषेत पाणी देता? चुकलं की कुठल्या भाषेत रागावता? आणि पाहुण्यांसमोर टाळ्या कशाला पडल्या? तीन-चार वर्षांच्या मुलाला संस्कृती कळत नाही, आईबाबांचा चेहरा कशाने उजळतो ते बरोब्बर कळतं. कार्टून फक्त आवाज काढत होतं, बक्षीस घरातून मिळत होतं. तुम्ही वाईट आई आहात असं मी अजिबात म्हणत नाहीये, पुढे त्याचं कुठे अडू नये एवढीच इच्छा होती, ती प्रत्येक आईबापाची असते. पण "आक्रमण" म्हटलं की सगळं बाहेर ढकललं जातं आणि मग हातात करण्यासारखं काही उरत नाही, वायफाय काढण्याशिवाय. उलट हे घरातून झालं असेल तर घरातून बदलताही येतं, मला यात दिलासाच दिसतो.

ही लाज आणि कौतुकाची भानगड मी जवळून बघितलीये. शाळेत असताना मैत्रिणी घरी आल्या की मी आजीच्या खोलीचं दार लावून घ्यायचे, तिची बोली त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. मला कुणी तसं सांगितलं नव्हतं. टीव्हीवर तिच्यासारखं बोलणारं माणूस फक्त हसवायला यायचं, एवढंच पुरलं. एकदा दार लावताना तिने माझ्याकडे बघितलं आणि स्वतःच आवाज खाली केला. ती गेली त्यालाही आता बरीच वर्षं झाली आणि तिचे कितीतरी शब्द मला अर्धेच आठवतात, विचारायला कुणी नाही. त्यामुळे तुमच्या आईचं "राहू दे गं" मला चांगलं ओळखू येतं.

आता वायफायचं. काढून टाकू नका. मुलगी मैत्रिणीकडे जाऊन बघेल आणि घरी सांगायचं बंद करेल, मग ते नाक-रंगाचं बोलणंही तुमच्यापर्यंत येणार नाही, एवढं एकच नुकसान पुरेसं आहे. पण नवऱ्याला जे वाटतंय त्यात तथ्य नाही असंही नाही. कॅनडाच्या उत्तरेला इग्लूलिक नावाची, इनुइट म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी लोकांची छोटी वस्ती आहे, तिथल्या लोकांनी १९७० च्या दशकात दोनदा मतदान करून टीव्ही नाकारला, कारण त्यावर त्यांच्या इनुक्टिटुट भाषेत काही नव्हतं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला इनुइट लोकांची स्वतःची प्रसारण संस्था सुरू झाली, आपल्या भाषेत कार्यक्रम यायला लागले, मग त्यांनी टीव्ही घेतला. पुढे त्याच वस्तीतल्या झकरायस कुनुक यांनी इनुक्टिटुटमध्ये केलेल्या सिनेमाला २००१ मध्ये कान महोत्सवात पहिल्या सिनेमासाठीचं बक्षीस मिळालं. म्हणजे त्यांचं "नको" हे कायमचं नव्हतं, आमचं काय आणताय ते आधी सांगा, असं होतं. देशही साधारण हेच करतात, कॅनडाने १९७१ मध्ये रेडिओवर देशी गाण्यांचा वाटा ठरवून दिला, युरोपियन युनियनने २०१८ मध्ये ऑनलाईन सिनेमा-मालिका दाखवणाऱ्या कंपन्यांना किमान ३० टक्के युरोपियन गोष्टी ठेवायला लावल्या. बाकीचं बंद नाही केलं, आपल्यासाठी जागा धरून ठेवली.

घरातही तेच करा. दिवसातला एक वेळ ठरवा, झोपायच्या आधीचा सगळ्यात सोपा, त्या वेळात घरची भाषा, तुम्ही आणि त्यांचे बाबा दोघंही, आणि मुलगा इंग्लिशमध्ये बोलला तरी चूक काढायची नाही, टोकायचं नाही, फक्त उत्तर आपल्या भाषेत द्यायचं. सुरुवातीला तो चिडेल, तुम्हालाही कृत्रिम वाटेल, तुमच्याच तोंडात निम्मे इंग्लिश शब्द येतील, येऊ द्या. त्याला आवडणारी कार्टून घरच्या भाषेत डब केलेली मिळाली तर ती लावा, तेच पात्र आजीच्या भाषेत बोललेलं पोरांना फार भारी वाटतं. आणि पाहुण्यांसमोर कौतुक करायचंच असेल तर आता त्याने आजीकडून शिकलेल्या एखाद्या शब्दाचं करा.

ज्यांच्या घरी मुलं लहान आहेत आणि आजी-आजोबा अजून बोलते आहेत त्या सगळ्यांसाठी एक सांगते. न्यूझीलंडमध्ये माओरी म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांची मुलं इंग्लिशच बोलायला लागली होती, भाषा फक्त म्हाताऱ्यांच्या तोंडी उरत चालली होती. १९८२ मध्ये तिथे कोहांगा रेओ सुरू झाले, शब्दशः भाषेची घरटी. शाळेत जायच्या आधीच्या वयाची मुलं दिवसभर तिथे, आणि त्यांच्याशी खेळायला, भरवायला, झोपवायला माओरी बोलणारी म्हातारी माणसं. तास नाही, व्याकरण नाही. ज्या आजींना वाटत होतं आपलं काम संपलं त्यांच्यावर सगळा डोलारा उभा राहिला. तुमच्या घरातही भाषा आणायची तर ती तुमच्या आईकडूनच येणार आहे, आणि सध्या तिला वाटतंय की ती मधे मधे येतेय.

आता हे वाचून रागावू नका, पण रविवारच्या त्या कॉलमध्ये मधे कोण आहे? तुम्ही आहात. तुम्ही दुभाषी झालात म्हणून त्या दोघांना एकमेकांची गरजच उरली नाही. येत्या रविवारी आईला आधी वेगळा फोन करून सांगा की तू प्रश्न विचारू नकोस, "जेवलास का, अभ्यास केलास का" याला कुठलंही मूल एका शब्दात उत्तर देतं, त्यापेक्षा त्याला काहीतरी करायला लाव. त्याला म्हणू दे तुझी सगळ्यात आवडती गाडी दाखव, आता ती लपव, मी ओळखते कुठे लपवलीस. तिला म्हणावं चुकीचं ओळख, मुद्दाम, सहा वर्षांची मुलं मोठ्यांची चूक सुधारायला कुठल्याही भाषेत तयार असतात. नाही जमलं तर हातवारे करतील, दोन शब्द इकडचे दोन तिकडचे करतील, गप्प बसतील, ती शांतता तुम्ही भरून काढायची नाही. फोन त्याच्या हातात द्या आणि तुम्ही खोलीबाहेर जा.